चेंचोच्या बाणाची शेपटी

चुमेखा,
२२ सप्टेंबर २००१

बिधाबाईंना नमस्कार.

‘तुम्ही मला ओळखत नसाल’ असं लिहिणार होतो. पण परवा तुमच्या गेबनांगच्या मैदानावर दोन गावांसमोर तुम्ही ज्या तोंडानं माझं नाव घेतलंत, त्यावरून चांगलंच ओळखता असं दिसतं. मी चेंचो. पाहुण्या संघातला, हिरवा घो घातलेला, उंच. ज्याच्या बाणावर तुम्ही गाणं केलंत, तो.

गाणं विसरला असाल तर आठवण करून देतो:

चेंचोचा बाण आला गं बाई, लग्नाची पिऊन आला,
शेपटी हलवीत, वाट विचारीत, गोठ्याकडं गेला!

आम्ही ट्रकनं चेलेला खिंड ओलांडून घरी पोचेपर्यंत आमच्याच संघाला ते पाठ झालं होतं. आता माझी सख्खी आई गाय पिळताना तेच म्हणते. गाय दूधही जास्त देते, असं तिचं म्हणणं.

माझी तक्रार नाही. समोरच्या संघाची खिल्ली उडवणं हे बायकांचं कामच आहे, आणि तुम्ही ते मन लावून करता. माझं काम वेगळं आहे. तिरंदाजाला स्वतःचा बाण दिसत नाही हो. दोरीतून सुटला की ठिपका. आमची माणसं पलीकडं निशाणाजवळ उभी असतात, पण बाण आला की ती डोकी वाचवायला उड्या मारतात. तुम्ही बायका मात्र हाताची घडी घालून शेवटपर्यंत बघत राहता. तेव्हा कृपा करून सांगा, माझ्या बाणाची शेपटी हलते म्हणजे नेमकी कशी हलते? डावी-उजवी? वर-खाली? की गोल? आणि सगळ्यांची हलते की काहींची? हे तिन्ही आजार निराळे आहेत.

बांबूचे बाण असते तर चुलीवर शेकून सरळ केले असते. हे कार्बनचे, मावसभावानं बँकॉकहून आणलेले. कार्बन वाकत नाही आणि सुधारतही नाही. एक तर सरळ असतो, नाही तर मोडतो. आमचे कप्तान अप थिन्ले म्हणालेत, “लोंबाच्या सणाला इथं होणाऱ्या सामन्यापर्यंत हे असंच राहिलं तर तू मैदानात चहा वाढ.” आमच्या घरचा माणूस संघात नाही, असं आजोबांच्या आधीपासून कधी झालेलं नाही.

पत्र बसवाल्या नामगेबरोबर देतोय. उत्तरही त्याच्याकडंच द्या. फोन करू नका. आमच्या गावचा फोन दुकानात आहे आणि दुकानात गाव आहे.

आपला,
चेंचो


गेबनांग,
३ ऑक्टोबर

चेंचो महाशयांना,

शिव्या खाऊन वर ‘अजून नीट समजावून सांगा’ म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. पत्र वाचून इतकी हसले की आईनं विचारलं, पोटात दुखतंय का.

सांगते. लाल पिसांचे बाण सुटल्या सुटल्या शेपटी डावी-उजवी करतात, अर्ध्या वाटेवर शहाणे होतात, पण तोवर वाट चुकलेली असते. पिवळ्या पिसांचा एक आहे, तो पहिल्यापासून शेवटपर्यंत गोल गोल फिरत येतो, ताक घुसळल्यासारखा. आणि एकाच्या पिसाचा कोपरा फाटलाय, तो कधी सरळ येतो, कधी वाकडा. त्याचं त्यालाच ठाऊक नाही. शिवाय बाण सोडताना तुम्ही जीभ बाहेर काढता. तीही डावीकडं.

आता तुम्ही विचाराल, हिला काय कळतं. तर तुमच्या शत्रूसंघाचे कप्तान, अप खांडू, हे माझे मामा आहेत. अख्ख्या संघाचे बाण आमच्या स्वयंपाकघरात दुरुस्त होतात. बायकांचा हात लागला की धनुष्याचं नशीब जातं म्हणून मामा मला हात लावू देत नाही. कान लावायला बंदी नाही. मामाचं म्हणणं असं: शेपटी डावी-उजवी म्हणजे बाणाच्या दांडीचं आणि धनुष्याचं जमत नाही. वर-खाली म्हणजे दोरीवर बाण लावायची जागा चुकली. गोल म्हणजे टोक तरी वाकडं बसलंय, नाही तर बुडाची खाच. आणि कधी असं, कधी तसं म्हणजे खाच सैल. जवळून कागदातून बाण मारून बघायचा. कागद कसा फाटतो ते बघितलं की बाण आपली कुंडली स्वतःच सांगतो.

मी हे तुम्हाला सांगितलं असं मामाला कळलं तर तो मला खेचराबरोबर बांधेल. तेव्हा पत्र जाळा.

बिधा

ता. क. आमच्याकडं गाय पिळताना वेगळं गाणं आहे. तेही तुमच्यावरच आहे.


चुमेखा,
१४ ऑक्टोबर

बिधाबाई,

पत्र जाळलं नाही. माफ करा.

तुम्ही म्हणालात तसं सगळं केलं. खिडकीची मोडकी चौकट अंगणात रोवली, तिच्यावर वर्तमानपत्र ताणलं आणि सहा पावलांवरून बाण मारले. लाल पिसांच्या बाणांनी कागद आडवाच्या आडवा फाडला. आई म्हणाली, “वाचायचं नसेल तर घेतोस कशाला?”

मग दुकानाच्या काचेवर एकेक बाण लोळवला. पिवळ्याचं टोक फिरताना नाचत होतं. गोंद वितळावा म्हणून टोक गरम पाण्यात धरलं. जाळावर धरलं तर कार्बन जळतो, एवढं मला ठाऊक होतं. ओढून काढलं, आत मातीचा कण निघाला! एवढा कण, आणि त्यापायी माझी अब्रू गेली. साफ करून पुन्हा बसवलं. आता पिवळा बाण भिक्षूसारखा गंभीर चालतो. फाटक्या पिसाच्या बाणाची खाच चिरली होती, ती बदलली. आता सगळ्या खाचा दोरीवर सारख्याच ‘टक’ करून बसतात. तो ‘टक’ तुम्हाला ऐकवावासा वाटतो.

पण लाल अजून डावे-उजवे करतात. तुलनेसाठी एक सांगाल का? तुमच्या संघातल्या त्या बुटक्या तंडिनचा बाण सुटल्यावर कसा जातो? तो तर तुम्ही वर्षभर बघत असाल.

चेंचो


गेबनांग,
२३ ऑक्टोबर

चेंचो,

तंडिनच्या बाणाचं मला विचारू नकोस. लक्षात नाही. आमच्या संघातल्या कुणाच्याच बाणाचं लक्षात नाही. पुढचा प्रश्न.

पुढचा प्रश्न मीच विचारते. तू काही तरी लपवतोयस. दांडी आपली आपण मऊ पडत नाही. मामा म्हणतो, धनुष्य जास्त ताणलं की तीच दांडी त्याला मऊ पडते, कंबरेतून लचकते आणि शेपटी मारते. खरं सांग, धनुष्याचे स्क्रू आवळलेस ना? कधी? आणि कुणाला दाखवायला?

अजून दोन गोष्टी. पिसांना कोरडं पीठ चोळून बाण सोड आणि मग धनुष्य बघ. जिथं पांढरा डाग पडेल तिथं पीस घासतंय. खाच जराशी फिरवली की पीस मोकळं जातं. आणि प्रत्येक बाण कानाशी धरून हळूच वाकव. करकरला तर मोड आणि फेकून दे. चिरलेला कार्बन सुटताना हातात फुटतो. गेल्या वर्षी आमच्या एकाच्या तळहातातून असे काटे काढले की सगळा संघ पांढरा पडला. यात चेष्टा नाही. आधी कान, मग बाकी सगळं.

बिधा


चुमेखा,
५ नोव्हेंबर

बिधा,

तूही ‘चेंचो’वर आलीस, म्हणून मीही ‘बाई’ काढून टाकलं.

स्क्रू आवळले होते. किंचित. म्हणजे दोन फेरे. गेबनांगला यायच्या आदल्या दिवशी. कुणाला दाखवायला म्हणशील तर तुमच्या गावाला. गावात कोण कोण राहतं याची तेव्हा मला कल्पना नव्हती. आता सैल केलेत. पीठही लावलं, आईचं गव्हाचं. डाग पडला, खाच फिरवली, डाग गेला. कानाशीही धरले. सगळे गप्प आहेत.

आपल्या संघाचं गुपित तू फोडलं नाहीस, ही गावनिष्ठा मला आवडली. नामगेला तसं म्हणालो तर त्यानं बस बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत बसला. मागं कोंबड्या घेऊन बसलेली म्हातारीसुद्धा हसली. खिंडीतल्या हवेनं माणसं वेडी होतात.

पण काय सांगू, बाण अजून बरे नाहीत. सकाळी शेपटी डावीकडं जाते, जेवणानंतर उजवीकडं. मंगळवारी तर वर गेली. एक शीळ घालतो. मी येता-जाता सगळ्यांना हेच सांगत असतो. तेव्हा तुझा सल्ला लागेलच. लवकर लिही. सविस्तर लिही.

चेंचो


गेबनांग,
१९ नोव्हेंबर

खोटारड्या!

सकाळी डावीकडं, दुपारी उजवीकडं आणि मंगळवारी वर? तो बाण आहे की कोंबडी?

गेल्या शनिवारी मी मावशीबरोबर चीज आणायला तुमच्या गावात आले होते. तुला माहीत नाही, कारण मी मैदानाच्या दगडी भिंतीमागं बसले होते. तू एकटाच सराव करत होतास. जीभ बाहेर. बाणामागून बाण असे गेले, जसं कुणी सुईत दोरा ओवतंय. एकाची शेपटी हलली असेल तर शपथ! मावशी म्हणाली, “पोरी, चीज घ्यायचं राहिलं.” राहिलंच.

म्हणजे बाण कधीचे बरे झालेत, आणि तू मला मंगळवारच्या कथा लिहितोयस. मी इकडं मामाला आडून आडून विचारतेय, “मामा, बाण फक्त मंगळवारी वर जात असेल तर काय?” मामानं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

मला राग आलाय. पत्र लिहिताना हसू येतंय ते निराळं.

आणि मी कुठलंही गुपित राखलेलं नाही. आमच्या संघाचे बाण कसे जातात ते मला खरंच माहीत नाही. त्या दिवशी मी ते बघितलेच नाहीत. का बघितले नाहीत, ते नामगेला विचार. त्या म्हातारीला विचार. तिच्या कोंबड्यांनाही कळलंय.

बिधा


चुमेखा,
२६ नोव्हेंबर

बिधा,

कोंबड्यांना विचारायची वेळ आली नाही. तुझं पत्र वाचलं आणि घराच्या छतावर चढलो. तिथं मिरच्या वाळत घातल्या होत्या, त्यांवर नाचलो. आईनं शिडी काढून घेतली. दुपारपर्यंत वरच होतो आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

खाली उतरलो तेव्हा वाईट बातमी होती. अप थिन्लेंनी मला संघातून काढलं.

त्यांचं तरी काय चुकलं? पत्र लिहायला निमित्त हवं म्हणून मी महिनाभर गावभर रडत होतो, ‘बाण डुलतात हो, बाण डुलतात.’ नामगेनं ते चहाच्या टपरीवर पोचवलं. आता मी म्हणतो बाण बरे झाले, तर ते म्हणतात, “काल आजारी, आज बरे? कुठल्या लामानं फुंकर मारली?” मी म्हटलं, मारून दाखवतो. म्हणाले, “सरावात माझी बायकोसुद्धा नेम मारते. तू किटली घे.”

खरं सांगावं तर तुझं नाव सांगावं लागेल, आणि मग तुझे मामा खेचर शोधतील. म्हणून गप्प आहे. सामन्याच्या दिवशी तुम्हा सगळ्यांना लोणीचहा वाढायला मी असेन. तुझा पेला काठोकाठ भरेन.

चेंचो


गेबनांग,
१ डिसेंबर

चुमेखा संघाचे कप्तान अप थिन्ले यांना गेबनांगच्या सर्व बायकांचा नमस्कार.

आपण चेंचोला संघातून काढलंत असं कळलं. आपले आभार मानावे तितके थोडेच. त्याचे बाण हल्ली कसे जातात हे आमच्या एका बाईनं चीज आणायला आल्यावर डोळ्यांनी पाहिलं, तेव्हापासून आमच्या पुरुषांना जेवण जात नव्हतं. आता ते दोन वेळा भात मागून घेतात. आपण म्हातारे असलात तरी मनानं मोठे आहात. शत्रूची इतकी काळजी करणारा कप्तान सगळ्या खोऱ्यांत दुसरा नसेल.

कृपा करून हा निर्णय बदलू नये. आम्ही आपल्यासाठी घरी गाळलेली आरा घेऊन येतोय.

गेबनांगच्या बायकांतर्फे,
बिधा


चुमेखा,
८ डिसेंबर

बिधा, अगं बिधा,

काल संध्याकाळी अप थिन्ले दारात उभे. हातात तुझं पत्र. मी किटली घासत होतो. त्यांनी पत्र मोठ्यानं वाचलं. ‘म्हातारे असलात तरी’ एवढं दोनदा वाचलं, मग पुढं गेले. मग म्हणाले, “ही बाई कोण?”

मी म्हटलं, “तीच, गाणंवाली.”

“तिला तू संघात नको आहेस.”

“असं दिसतं खरं.”

“मग संघात पहिलं नाव तुझं,” म्हणाले, आणि किटली माझ्या हातातून घेऊन स्वतःच आत ठेवून आले.

म्हणजे स्वतःच्या गावाविरुद्ध डाव टाकलास! हसू की घाबरू? तुमचा संघ हरला तर? रोज कानाशी धरून बाण वाकवतो. आज एक करकरला. दिसायला सगळ्यांत देखणा होता. मोडून टाकला, तू सांगितलंस म्हणून. बाकीचे तयार आहेत.

ये लवकर. आईनं सणाच्या होन्ते वळायला फापराचं पीठ दळून ठेवलंय.

चेंचो


चुमेखा,
१६ डिसेंबर

बिधा,

बर्फ पडायला लागला म्हणून तुमचा ट्रक इतक्या घाईनं निघाला की तुला एक शब्द बोलता आला नाही. तू त्या टोकाला, मी या टोकाला, मध्ये अख्खं मैदान. तुझ्या बाजूला काय झालं ते मला अजून धड माहीत नाही. माझ्या बाजूचं सांगतो, मग तू तुझं सांग.

आम्ही फक्त एका गुणानं मागं होतो. शेवटचा बाण माझा. तुमच्या बायका ओरडत होत्या, शब्द कळत नव्हते. अप थिन्ले मागं डोळे मिटून मंत्र पुटपुटत होते, मध्येच “जीभ आत घे” म्हणत होते. मी दोरी ओढली. खाच ‘टक’ करून बसलेली. सोडला.

आणि मला पहिल्यांदा माझा बाण दिसला. ठिपका नाही, बाण. हलला नाही, लचकला नाही, असा गेला की मी श्वास घ्यायचा विसरलो. मग बघतो तर पलीकडं निशाणाजवळ लाल किरा घातलेलं कुणी तरी पुढं आलं आणि हात पसरून नाचायला लागलं. निशाण लागल्याशिवाय कोण नाचतं? लागला! मी धनुष्य फेकलं आणि नाचायला लागलो. माझ्यामागं सगळा संघ. अप थिन्लेंचा गुडघा दुखतो, तेही गिरकी घेत होते. विजयाच्या गाण्याची दोन कडवी म्हणून झाली, तेव्हा पलीकडून आमचा एक जण धावत आला, धापा टाकत म्हणाला, “अरे कशाला नाचताय? निशाणाच्या फळीवरून गेला! चिखलात रुतलाय! हरलो आपण!”

सगळे थांबले. अप थिन्लेंचा एक पाय वरच राहिला.

पण पलीकडं तू नाचतच होतीस. एकटी. मी म्हटलं, ती थांबली नाही तर मी कसा थांबू? म्हणून मीही नाचत राहिलो. एका टोकाला तू, एका टोकाला मी, आणि मध्ये दोन गावं तोंड उघडं टाकून कधी इकडं बघतायत, कधी तिकडं. अप थिन्ले म्हणाले, “म्हणजे हे असं आहे होय?” मग त्यांनी तुझ्या गावची आरा मागवली आणि एकट्यानं प्याले.

आता सांग. तुला दिसलं नव्हतं का? मामा काय म्हणाले? खेचर कुठं आहे?

चेंचो


गेबनांग,
२१ डिसेंबर

चेंचो,

दिसलं होतं. सगळ्यांच्या आधी मलाच दिसलं.

तुझा बाण सुटला तेव्हा माझ्या जिभेवर शिवी तयार होती, चांगली घडवलेली, शेजारणींनी टाळ्यांची तयारी केलेली. बाण इतका सरळ आला की त्याला शेपटी आहे हेच दिसेना. नुसतं टोक, तिळाएवढं, आणि ते मोठं होत होत माझ्याकडं येतंय. मी जन्मभर मैदानाच्या कडेला उभी आहे, असा बाण पाहिलेला नाही. माझे पाय आपले आपण पुढं गेले. बाण फळीवरून वीतभर उंच गेला आणि मागं चिखलात घुसला. मी पाहिलं. लागला नाही हे मला कळलं होतं. शेजारीण म्हणाली, “बिधा, अगं चुकला, आपण जिंकलो, मागं ये.” मी नाही गेले. मी निशाणासाठी नाचत नव्हते रे.

मग लांबवर तू नाचताना दिसलास आणि म्हटलं, आता होऊ दे काय व्हायचं ते.

ट्रकमध्ये मामा पुढं ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला. खिंडीच्या माथ्यावर पताका बांधायला उतरलो, तेव्हा तो बर्फात उभा राहून म्हणाला, “पिठाची युक्ती त्याला कुणी सांगितली?”

“मी.”

“कागदाची?”

“मीच.”

“आणि तो मंगळवारचा बाण?”

मी पताकेची गाठ मारायला लागले. मामा हसायला लागला तो थांबेचना. ट्रकमधले सगळे हसायला लागले, मावशी सगळ्यांत जास्त. डोळे पुसून मामा म्हणाला, “बाणात काही खोट नव्हती. नेम चुकला. आणि नेम का चुकला ते लाल किरा घालून समोर उभं होतं.” मग एकदम कप्तानासारखा विचार करू लागला: “आपल्यात जावई बायकोच्या घरी राहायला येतो. म्हणजे पोरगा गेबनांगकडून खेळेल. थिन्लेला किती वाईट वाटेल!” ही कल्पना त्याला इतकी आवडली की घरी पोचेपर्यंत तो तीच बोलत होता.

त्याचा निरोप तुला जसाच्या तसा देते: “त्याला म्हणावं, यायचं तर उजेडी, दारानं ये. रात्री पोरींच्या खिडकीतून येणाऱ्यांना तरुणपणी मीच वाट दाखवलीय, सगळ्या खिडक्या मला ठाऊक आहेत.”

खिंडीत बर्फ आहे आणि नामगेची बस अडकलीय. कधी सुटेल ते त्यालाच माहीत नाही. म्हणून हे पत्र याकवाल्या म्हाताऱ्याबरोबर पाठवतेय. त्याला बर्फाचं काही नाही. तो चुमेखात मीठ उतरवून लगेच परत निघतो.

त्याच्याबरोबरच ये.

बिधा